बोराएवढं भोक

मित्रांनो, मी सोलापुरी चादर आहे. जुनी झाले, काठ विरले, पण म्हणून मऊ मऊ बोलेन असं समजू नका. माझा धागा जाड आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. चादरीला कुठलं डोकं, असं म्हणत असाल तर खुशाल म्हणा.

सोलापुरात यंत्रमागाच्या खडखडाटात माझा जन्म झाला. लाल-निळी नक्षी, उलटी टाका की सुलटी, सारखीच शोभणारी. औशाच्या रुक्मिणीबाईंनी मला भर बाजारात ओढून ताणून पाहिलं, दुकानदाराला चार शब्द सुनावले आणि लेकीच्या रुखवतात ठेवलं. लेक म्हणजे स्वप्नाली. तिच्याबरोबर मी आकुर्डीला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आले. तिचा नवरा धनेश चाकणला एका कंपनीत मशीनवर. स्वप्नालीही चाकणलाच, दुसऱ्या कंपनीत, गाड्यांच्या वायरी तपासायला. तिची नजर अशी, की तिच्या हातून चुकीची वायर कधी पुढे गेली नाही.

पण भित्री! पाल पळाली तरी किंचाळायची. कुकर स्वतः लावायची आणि शिट्टी झाली की स्वतःच छातीवर हात ठेवायची. आणि अशा बाईला आवड कशाची, तर भुतांच्या मालिकेची. आता काय म्हणावं!

आमच्याकडे कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. रात्री लागून गेलेला भाग गुरुवारी दुपारी बारा वाजता पुन्हा लागायचा. स्वप्नाली भाकऱ्या उरकायची, दार सताड उघडं टाकायची, पडदे सारून खोलीभर ऊन घ्यायची आणि मग मला डोक्यावरून ओढून धनेशला खेटून बसायची. मच्छर अगरबत्तीनं जळून मला एक बोराएवढं भोक पडलं होतं. त्या भोकाला डोळा लावून ती हडळ बघायची. हडळ जवळ आली की भोक मुठीत गच्च दाबायची.

"गेली का हो? गेली का?"

"थांब, अजून हाय," धनेश सांगायचा. "हां, गेली. बघ आता."

मग मूठ सुटायची. मालिका संपली की घामानं निथळत, खदखदून हसत बाहेर यायची. "लई भ्याव वाटलं बघा आज!" हे ती पुरणपोळी खाल्ल्यासारखं म्हणायची. आठवडाभर मान मोडून काम करणाऱ्या बाईची तेवढी एक तासाची चैन होती. रुक्मिणीबाई राहायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, भोक शिव की ते." तर ही म्हणाली, "नको आई, मग मी बघू कुठून?" एवढं कौतुक कुठल्या भोकाचं झालं असेल, मित्रांनो?

मग तो गुरुवार उजाडला. धनेशचा धाकटा भाऊ नवनाथ जेवायला आला होता. हा स्वप्नालीच्याच कंपनीत पॅकिंगला. त्यानं मला खाटेवरून उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. मला वाटलं, झटकायला नेतोय. मी मूर्ख.

"माझी चादर कुठंय हो?" स्वप्नालीनं विचारलं.

"वाळत असंल. बस की, लागलं बघ," धनेश म्हणाला. त्याच्या हातात मोबाइल होता.

ती तशीच बसली. चादर नाही म्हणून तिनं त्याचा दंड धरला. हडळ वळली तसे तिनं डोळे मिटले.

"गेली का हो?"

"गेली. बघ आता."

तिनं डोळे उघडले. समोर मी उभी होते. माझ्या आत नवनाथ, आणि माझ्या भोकातून त्याचा डोळा. ती किंचाळली, मागे कोसळली, डोकं खाटेच्या लोखंडावर आपटलं, कपडे ओले झाले. हे दोघे हसत होते. नवनाथ हसून हसून गदगदा हलत होता आणि त्याच्या अंगावर मीही हलत होते. ती लाज माझ्या धाग्याधाग्यात बसली आहे.

धनेशनं मोबाइलवर सगळं टिपलं होतं; दुसऱ्या दिवशी नवनाथनं तो व्हिडिओ कंपनीच्या ग्रुपवर टाकला. कंपनीच्या बसमध्ये बाया मागून "भॉक" करू लागल्या. लाइनवर कुणीतरी तिच्या टेबलावर लहान बाळाचा लंगोट ठेवला. संध्याकाळी ती घरी आली. भाजी घेऊन निवडत बसली.

"अगं, गंमत केली. तुला भ्यायला आवडतंय ना?" धनेश म्हणाला.

"आवडतंय," ती म्हणाली. "तुमी 'गेली' म्हणलात, म्हणून मी डोळे उघडले."

त्यानं उठून नवनाथला फोन लावला. आता फोन लावून काय, डोंबल! नवनाथनं व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो शंभर मोबाइलांत जाऊन बसला होता.

पुढच्या गुरुवारी धनेशनं स्वतः टीव्ही लावला. दार उघडलं, पडदे सारले, मला डोक्यावरून घेतलं आणि हाक मारली, "ये की गं, लागलंय."

"तुमी बघा," आतून आवाज आला.

तो एकटाच बसला. हडळ आली. तो माझ्या अंगावर बोटं फिरवत चाचपडू लागला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"स्वप्नाली, भोक कुठंय गं?"

"शिवलं."

शिवलंच होतं. सकाळी, काळ्या जाड दोऱ्यानं, गाठ मारून, दातांनी तोडून. मला दुखलं, पण मी कोणत्या तोंडानं तक्रार करणार?

मित्रांनो, चादरीला ऊन दाखवा, झुरळांपासून जपा, हे मी सांगायला हवं. माझ्या जातीच्या सगळ्याच जणी सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कुणी भित्रं माणूस तुमचा हात धरून भुताचं बघत असेल, तर त्याला खरं सांगा. हडळ असेल तर आहे म्हणा. गेली असेल तरच गेली म्हणा.

आमच्या घरी आता गुरुवारी बाराला बातम्या लागतात. स्वप्नाली जेवते. कुणी घाबरत नाही, कुणी हसत नाही.