कबुतराच्या अंड्याएवढा गोटा

कुनितने भाला मारला तेव्हा तो माणूस मीठ आटवायच्या मडक्यावर वाकलेला होता. भाला बरगड्यांखालून आत गेला आणि निघेना. कुनितने त्याच्या कमरेवर पाय देऊन तो ओढून काढला. माणूस मडक्यावर कोसळला, मडकं फुटलं आणि उकळतं खारं पाणी विस्तवावर सांडलं. सगळीकडे वाफ झाली. वाफेतून तो माणूस म्हणाला, "आम्ही नाही रे." मग तो बोलायचा थांबला. डोळे मात्र उघडेच राहिले.

त्या सकाळी मिठागरावर चार माणसं मारली गेली. एक खाजणाच्या चिखलात रुतला, त्याला तिथेच तिघांनी मिळून दाबून बुडवलं. दोघांना विंदोने गोफणीने पाडलं आणि जवळ जाऊन दगडाने त्यांची डोकी ठेचली. विंदो म्हणजे कुनितचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. गडाच्या दरवाजावर त्याच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. पाचव्याला जिवंत धरलं, कारण गडावर एक जिवंत माणूस लागणार होता.

कुनितची बायको सेनोवारा जाऊन चार दिवस झाले होते. धुक्याच्या सकाळी ती शिंपल्या वेचायला खाली गेली आणि परत येताना गडाच्या चढावर कानशिलात गोफणीचा गोटा बसून मेली. मारणारा कुणाला दिसला नाही. पण मिठागर ज्यांचं होतं त्या पूर्वेकडच्या गडाशी खाजणातल्या चराईवरून सहा महिने भांडण चाललेलं होतं. त्यामुळे कुणी मारलं हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. कुनितलाही नाही. चार दिवस त्याने चूल पेटवली नव्हती. त्याला फक्त कुणालातरी मारायचं होतं.

धरलेल्या माणसाचं नाव लोवर्न. कुनित त्याला ओळखत होता. दर सुगीला दोघं सातू आणि मिठाची अदलाबदल करायचे. समुद्राच्या कडेने, गोट्यांच्या लांबलचक बांधावरून त्याला पश्चिमेकडे चालवत नेलं. दोरी विंदोच्या हातात होती.

"कुनित, जरा हळू की. मी काय तुझी गाय आहे?" लोवर्न म्हणाला.

"गाय असतास तर कामाला तरी आला असतास," विंदो म्हणाला आणि त्याने दोरीला हिसका दिला.

"हा तुझा मेव्हणा ना? तुझ्या लग्नात दारू पिऊन माझ्या चुलत्याच्या पायावर ओकला होता तो."

मागचा एक जण हसला. कुनित हसला नाही.

"कुठे असतो तो चुलता?" त्याने विचारलं.

"मघाशी तू ज्याच्यातून भाला काढलास ना, तो."

पायाखाली गोटे करकरत होते. मग कुनितने विचारलं, "तिला तुमच्यातल्या कुणी मारलं?"

"त्या दिवशी धुकं होतं. धुक्यात आम्ही मडकी सोडून हलत नाही, विस्तव विझतो. विचार हवं तर कुणालाही."

"विचारायला ठेवलंय कुणाला?" विंदो म्हणाला.

गडाला दोन तट आणि दोन खंदक. दरवाजाची वाट तटांमधून वळत वर जाते आणि वळणावर दोन्ही बाजूंना गोट्यांचे ढीग असतात. हे ढीग कुनितच्या ताब्यात होते. बायका-माणसं खालून टोपल्या आणायची आणि प्रत्येक गोटा त्याच्या तळहातावरून ढिगात जायचा. त्या किनाऱ्यावर समुद्रच गोटे निवडतो. पश्चिमेच्या टोकाला ते वाटाण्याएवढे असतात आणि पूर्वेकडे जावं तसे मोठे होत जातात. या गडाखाली कबुतराच्या अंड्याएवढे, पूर्वेच्या गडाखाली बदकाच्या अंड्याएवढे. धुक्यात नाव लागली की नावाडी मूठभर गोटे उचलून आपण कुठे लागलो ते सांगतो. ज्याचा हात ज्या वजनाला बसला त्याला दुसऱ्याचा गोटा नकोसा होतो. तो फेकला तर नेम दोन हात चुकतो.

पण ज्याने माणूस मेला त्या गोट्याकडे बघायचं नाही, अशी या लोकांची रीत होती. प्रेत धुणाऱ्या बायका तोंड फिरवून तो उचलतात, लगेच मातीत लिंपतात आणि वरून मेलेल्याचे केस गुंडाळतात. उघडा राहिला तर तो त्याच घरात आणखी एक जीव घेतो, असं म्हणतात. मग परतफेडीच्या दिवशी सगळ्यात जवळच्या माणसाने माती फोडायची आणि त्याच गोट्याने पहिला मार द्यायचा. त्यानंतर सगळ्या गडाने. म्हणून चार दिवस कुनितच्या थंड चुलीशेजारी मुठीएवढा मातीचा गोळा पडून होता आणि त्याने तो उघडला नव्हता.

लोवर्नला दरवाजाच्या खांबाला बांधलं. साठेक माणसं गोटे घेऊन उभी राहिली. गडाची मालकीण वेलोरिगा काठी टेकत आली. तिला सगळे आई म्हणायचे.

"आटप कुनित," ती म्हणाली. "भरती चढतेय. गुरं आत घ्यायची आहेत."

"तुमच्या गडावर पाहुण्याला एवढंच देता का?" लोवर्नने विचारलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "निदान पाणी तरी द्या."

कुणी पाणी दिलं नाही. कुनितने गोळा खांबावर, लोवर्नच्या डोक्याच्या वर आपटला. माती फुटली. सेनोवाराचे लालसर केस त्याच्या बोटांना चिकटले आणि गोटा तळहातावर आला. त्याने मूठ मिटली. बघायची गरजच पडली नाही. त्याने तो गोफणीच्या खोळीत ठेवला, परत काढला. शेजारच्या ढिगातला एक उचलून दुसऱ्या हातात घेतला आणि दोन्ही हात वरखाली केले.

"काय झालं?" वेलोरिगाने विचारलं.

"हा आपला आहे, आई."

"आपला म्हणजे?"

"आपल्या ढिगातला. मी निवडलेला."

तिने तो हातात घेतला. तरुणपणी तीही या दरवाजावर गोफण चालवायची. तिचा चेहरा बदलला नाही. "त्यांच्याकडेही एखादा लहान असतो," ती म्हणाली.

"असा गोटा त्यांच्यातला कुणी उचलत नाही. तुम्हाला माहीत आहे."

वेलोरिगा त्याच्या अगदी जवळ आली आणि हळू बोलली. "मला एवढं माहीत आहे की आपण चार माणसं मारून आलोय. याने आता सगळं ऐकलं. हा परत गेला तर उद्या तिकडची दोनशे माणसं येतील आणि त्यांचं बरोबर असेल. मार त्याला."

कुनितने विंदोकडे पाहिलं. त्या धुक्याच्या सकाळी दरवाजावर पहाऱ्याला एकच माणूस होता. हे बाकीच्यांच्याही लक्षात यायला लागलं होतं. विंदोच्या आजूबाजूची जागा मोकळी झाली.

"धुकं होतं, दाजी," विंदो म्हणाला. "मी तीनदा हाक मारली. ओ आली नाही. अंगावर वासराचं कातडं होतं, केसांची बाजू बाहेर. ते तिकडचे लोक घालतात. आपल्यात कोण घालतं तसं?"

ते कातडं कुनितनेच सुगीला आणलं होतं. थंडीत सेनोवाराचे कान दुखायचे. ते कानांवर ओढून घेतलं की तिला काही ऐकू येत नसे.

"तुला कधी कळलं?"

"खाली उचलायला गेलो तेव्हा."

"आणि आज दोघांना मारलंस."

"तुम्ही सगळे निघालात. मी काय सांगणार होतो?"

कुनितने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ढिगातला गोटा अजून मुठीत होता. विंदोचा दात पडला. दुसऱ्या ठोशाला तो खाली बसला. त्याने हात वर केला नाही. तिसऱ्यांदा मारताना कुनितच्या लक्षात आलं की विंदो रडताना सेनोवारासारखाच आवाज करतो. त्याने गोटा टाकून दिला आणि कमरेची सुरी काढली. सगळ्यांना वाटलं आता विंदोचा गळा. पण तो खांबाकडे गेला आणि लोवर्नची दोरी कापायला लागला.

"कुनित, सुरी खाली ठेव," वेलोरिगा म्हणाली.

"मी ज्याला मारलं तो म्हणाला होता, आम्ही नाही. मी ऐकलं होतं, आई. ऐकलं आणि तरी भाला ओढून पुढच्याला शोधायला गेलो."

"दरवाजा लावा," वेलोरिगा मागे वळून म्हणाली.

दरवाजा लागायच्या आत विंदो उठला. हनुवटीवरून रक्त गळत होतं. गोफणीत गोटा घालून तो वाटेच्या वळणावर, आपल्याच लोकांकडे तोंड करून उभा राहिला. "जा दाजी," तो म्हणाला. मग बाकीच्यांना म्हणाला, "पुढे कुणी येऊ नका. माझा नेम तुम्हाला माहीत आहे."

"बहीण मारणाऱ्याचा नेम तो," कुणीतरी म्हणालं आणि पहिला गोटा सुटला.

कुनित लोवर्नला धरून उतारावर पळाला. मागे गोटे तटावर आपटत होते. विंदो गुडघ्यांवर आणि नडग्यांवर मारत होता. तिघं ओरडत खाली बसले. डोक्यावर त्याने एकही मारला नाही. समोरच्यांनी असं काही पाळलं नाही. एक गोटा उडून लोवर्नच्या पोटरीत बसला आणि तो पडला. कुनितने त्याला पाठीवर घेताना वर पाहिलं. विंदो गुडघ्यांवर आला होता, तरी गोफण फिरवत होता. मग एक गोटा त्याच्या जबड्यावर बसला, दुसरा डोळ्यावर. हातातून गोफण सुटली. लोक जवळ गेले आणि हातातल्या दगडांनी त्यांनी ते संपवलं, सकाळी त्याने स्वतः मिठागरावर केलं होतं तसंच. आवाज दुसऱ्या खंदकापर्यंत येत होता.

त्यांच्या मागे कुणी आलं नाही. वर गुरं आत घेत होते आणि दरवाजाला अडसर घालत होते. उद्याची तयारी.

कुनित खाजण ओलांडून बांधावर आला आणि पूर्वेकडे चालायला लागला. लोवर्न जड होता. त्याच्या पोटरीचं हाड तुटलं होतं आणि प्रत्येक पावलाला तो कण्हत होता.

"मला इथेच टाक," तो म्हणाला. "मी रांगत जाईन."

"भरती आहे."

"ते तुला मारतील."

"हं."

"मी सांगेन त्यांना, तू सोडवलंस म्हणून."

"आधी भाल्याचं सांग."

लोवर्न म्हणाला, "ते माझ्याच्याने नाही होणार."

"मग मी सांगतो."

मिठागरावर विस्तव विझला होता. चारही प्रेतं ओळीने ठेवली होती आणि बायका ती धूत होत्या. पूर्वेच्या गडावरची माणसं अजून उतरली नव्हती, वरून फक्त त्यांची शिंगं ऐकू येत होती. कुनितने लोवर्नला एका झोपड्याशी टेकवून बसवलं. ज्याला त्याने भाला मारला होता त्याच्याजवळ एक म्हातारी बसली होती. बुटकी, रुंद खांद्यांची. पाण्यात राहून तिचे हात फुगले होते. ती कुनितकडे बघत राहिली.

"माझ्या माणसाला कुणी मारलं?"

"मी," कुनित म्हणाला. "माझी बायको मेली. तुमच्या लोकांनी मारली असं वाटलं. गोटा आमचाच निघाला."

"कधी बघितलात गोटा?"

"आज. याला मारून गेल्यावर."

"आधी का नाही बघितला?"

"आमच्यात बघत नाहीत."

म्हातारीने मान हलवली. तिने प्रेताच्या छातीवर फडकं नीट घातलं, उठली आणि मिठाची ढेप काढायला मडकी फोडायचा दगडी हातोडा उचलून आणला. बाकीच्या बायका धुवायच्या थांबल्या. लोवर्न म्हणाला, "काकी." तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती कुनितसमोर येऊन उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या छातीपर्यंतच येत होतं.

"खाली बस," ती म्हणाली. "उभ्या माणसापर्यंत माझा हात पोचत नाही."

कुनित खाली बसला.