सरांना कुणीतरी रागवा

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि अक्कल घेऊन परतले. आल्या आल्या भिंतीवर पोस्टर: ‘शिष्य तसा गुरू.’ मला म्हणाले, “बाई, यापुढे ओरडायचं नाही. प्रत्येकाचा मेंदू वेगळा. ज्याला जे भावेल तसं शिकवा. या खेपेला एक जरी नापास झाला, तर तुमच्या जागी माझा भाचा.”

भाच्याला स्वतःची स्कूटर धड स्टँडवर लावता येत नाही, पण आवाज मधाळ. आणि माझं घर चालतं माझ्या एकटीच्या पगारावर. लागले कामाला.

खानावळवाल्या मावशींना क्लच जमेना. म्हटलं, “मावशी, गॅस हळूहळू मोठा करता ना, तसा क्लच सोडायचा. एकदम केलात की करपलं!” लगेच जमलं. दुसरी एक नवी सून, महाघाबरट. तिला “शाब्बास गं माझी बाई!” म्हटलं की ती पुढचा गिअर टाकायची. एकदा चुकून दोनदा म्हटलं, तर तिनं दोन टाकले.

अडले ते सर. रिटायर्ड प्राध्यापक. आकृती काढली, तर तिच्यात चुका दाखवल्या. कौतुक केलं, तर म्हणाले, “उगाच चढवू नका.” गोष्ट सांगितली, तर पेंगले. शेवटी एकदा गाडी खांबावर जाता जाता वाचली आणि माझा तोल गेला. “अहो, डोळे आहेत की बटणं? एवढा ढळढळीत खांब दिसत नाही?”

सर ताठ बसले आणि गाडी अशी नेली, की पोटातलं पाणी हललं नाही. उतरल्यावर लाजत म्हणाले, “वडिलांनी असंच शिकवलं हो. गोड बोललं की माझं लक्षच लागत नाही.”

घ्या! तेव्हापासून मालकांना चोरून, रिकाम्या मैदानात, मी त्यांना मनसोक्त झापायची. दोघांच्याही जिवाला बरं वाटायचं.

परीक्षेला मावशी पास झाल्या. सूनही स्वतःलाच “शाब्बास” पुटपुटत पास झाली. मग सर बसले. नियम असा, की मागे बसलेली शिक्षिका विद्यार्थ्याशी एक शब्द बोलली तरी तो नापास. सर नुसती किल्ली धरून, फिरवायचं नाव नाही. माझ्या ओरडण्याची वाट बघतायत. बाहेर मालक आणि भाचा उभे. शेजारचे परीक्षक, मेले तेही प्रशिक्षण घेऊन आलेले! “सावकाश, सर. घाई नाही. दीर्घ श्वास घ्या.”

सरांनी श्वास घेतला. आणखी एक घेतला. डोळे मिटायला लागले.

माझी नोकरी डोळ्यांदेखत चालली होती. मग मी परीक्षकांवरच उखडले, “अहो साहेब, परीक्षा घेताय की अंगाई गाताय? काही जनाची नाही तर मनाची?”

सरांनी दचकून किल्ली फिरवली. वळण, चढ, रिव्हर्स, सगळं सुतासारखं सरळ. परीक्षक चाचरत म्हणाले, “विद्यार्थ्याशी काही बोलल्या नाहीत त्या... पास.”

संध्याकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. “सरकारी माणसावर ओरडलात. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. पण प्रत्येकाचा मेंदू वेगळा. उदाहरण देऊन सांगू? की चित्र काढू?”

“मला सरळ तोंडावर सांगितलेलं कळतं,” मी म्हटलं.

मालक घटाघटा पाणी प्यायले. सरळ तोंडावर सांगणं काही त्यांना प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. “उद्या बोलू,” म्हणाले.

ते ‘उद्या’ अजून चाललंय. मी रोज वेळेवर कामावर जाते. भाचा बिचारा बाहेर बाकावर बसलेला असतो. त्यालाही अजून कुणी काही सरळ सांगितलेलं नाही.