जेवणाआधी आलेले पाहुणे

तळघरातल्या प्रयोगशाळेत जायचं तर देवमाशाच्या जबड्याखालून वाकून जावं लागे. इमारत बांधताना जबडा आधी आत आणला आणि भिंत मागून घातली. त्यामुळे आता तो कुठल्याच दारातून बाहेर निघत नव्हता. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हमखास सांगितलं जाई, "याचाही प्रबंध अजून व्हायचाय."

चिमटीने हा विनोद सहा वर्षांपूर्वी ऐकला होता. तेव्हा ती हसली होती. आता जबडा जवळ आला की मान आपोआप खाली जाई.

चिमटी हे नाव बाईंनी ठेवलेलं. आल्याआल्या पहिल्याच आठवड्यात तिने बाईंच्या छापून आलेल्या लेखातला एक चुकलेला आकडा शोधून काढला होता. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "ही पोरगी नाही, चिमटी आहे. पिठातला केससुद्धा उचलेल." हे कौतुक होतं की टोमणा, हे चिमटीला आजवर कळलं नव्हतं. बाई विभागप्रमुख, तिच्या मार्गदर्शक, आणि महिन्याभरात निवृत्त होणार होत्या.

मंगळवार होता. शुक्रवारी दुपारी एकच्या आत प्रबंध वरच्या मजल्यावरच्या कार्यालयात द्यायचा होता. तो दिल्याची पावती दाखवली की दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात एक तारखेपासून नोकरी. ताईचं घर तिथून दहा मिनिटांवर. ताईने माळ्यावरची गादी काढून उन्हात घातल्याचा फोटोही पाठवून झाला होता. पावती नसेल तर नोकरी यादीतल्या पुढच्या उमेदवाराला, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

प्रबंध बांधणीला जायचा तेवढा राहिला होता, आणि त्यात एका तक्त्यातला एक रकाना रिकामा होता.

त्या तक्त्यात शहाण्णव देवमासे होते. फार पूर्वी देवमासे मारणाऱ्या जहाजांवर त्यांच्या कातडीचे तुकडे मिठात घालून ठेवले होते. प्रत्येकाची लांबी, नर की मादी, पोटात पिल्लू होतं का, सगळ्याची नोंद होती. अठ्ठेचाळीस दक्षिणेच्या थंड समुद्रातले, अठ्ठेचाळीस उत्तरेच्या, जात एकच. पंधरा वर्षांपूर्वी बाईंनी स्वतःच्या हाताने त्यांचा डीएनए काढला होता. देवमाशांच्या डीएनएमध्ये आपसांत किती फरक आहेत हे मोजलं, की त्यांचे पूर्वज कोणत्या काळात किती असावेत याचा अंदाज बांधता येतो. बाईंनी तो बांधला. हिमयुग संपलं, समुद्र तापले, बर्फ मागे हटलं, आणि दक्षिणेतले देवमासे भराभर वाढले, असं त्यांच्या आलेखात दिसत होतं.

पुढे चिमटीने देवमाशांच्या खाण्याचा तसाच हिशेब मांडला. उत्तरेत चंदेरी छोटी मासळी, दक्षिणेत क्रिल, म्हणजे झिंग्यासारखा बोटाच्या पेराएवढा जीव. मासळी समुद्र तापताच वाढली होती. क्रिल मात्र वाढलं फार उशिरा, दोनतीन हजार वर्षांनी. मग तोवर दक्षिणेतले देवमासे खाऊन कशावर वाढले? जेवण शिजायच्या आधीच पाहुण्यांची पंगत कशी बसली? हे कोडं सोडवण्यात चिमटीची सहा वर्षं आणि तीनशे दहा पानं गेली होती. देवमाशांनी त्या काळात खाणं बदललं असावं, असं तिचं उत्तर होतं. उत्तर बाईंना आवडलं होतं. समुद्रातल्या मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या समितीलाही आवडलं होतं. खाणं कमी झालं तरी देवमासे आपलं निभावून नेतात, असा त्याचा सोयीस्कर अर्थ निघत होता.

रिकामा रकाना होता 'डीएनएवरून नर की मादी' हा. तो भरला नसता तरी चाललं असतं. पण चिमटीला रिकामा रकाना बघवत नसे.

बाईंचे जुने नमुने शीतपेटीत होते. शहाण्णव बारीक खळगे असलेला प्लास्टिकचा ट्रे. आठ ओळी, बारा स्तंभ, एक कोपरा कापलेला. प्रयोगशाळेत त्याला ताट म्हणत. नियम एकच आणि तो बाईंचा: दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही. ज्याने भरलं त्याचं ते. चिमटीने आजूबाजूला पाहिलं आणि प्रत्येक खळग्यातला एकेक थेंब उचलला.

दुपारी निकाल आला. सत्तावन्न क्रमांकाच्या देवमाशाच्या पोटात हातभर पिल्लू होतं, अशी जहाजावरची नोंद होती. डीएनए म्हणत होता, हा नर आहे.

ती हसली. एखादा थेंब इकडचा तिकडे झाला असेल. मग तिने बाकीचे तपासले. शहाण्णवांपैकी सत्तेचाळीस जुळत होते, एकोणपन्नास नव्हते. नाणं उडवून ठरवलं असतं तरी एवढेच जुळले असते.

तिने यादी कागदावर छापली. मग ती यादी टेबलावर उलटी फिरवली, वरचं टोक खाली, आणि पुन्हा मोजलं. पंचाण्णव जुळले.

म्हणजे भरतानाच ताट फिरवून ठेवलं गेलं होतं. पहिला खळगा शेवटचा झाला होता आणि शेवटचा पहिला. वरच्या चार ओळी दक्षिणेच्या, खालच्या चार उत्तरेच्या. ताट फिरलं तसे दोन समुद्रही फिरले होते. भराभर वाढलेले ते देवमासे उत्तरेतले होते, जिथे मासळी लगोलग वाढली होती. दक्षिणेतले क्रिलची वाट बघत हजारो वर्षं होते तेवढेच राहिले होते. क्रिल वाढलं, मग ते वाढले. कोडं कधी नव्हतंच. देवमासा आपल्या खाण्याला दाव्याने बांधल्यासारखा बांधलेला होता.

शीतपेट्यांची घरघर चालू होती. इतकं सरळ, इतकं सुंदर उत्तर तिने सहा वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्याने तिची तीनशे दहा पानं केराच्या टोपलीत घातली होती.

फोन वाजला. ताई होती.

"काय गं, बोहल्यावरून पळालेल्या नवरीसारखा आवाज का येतोय तुझा?"

"ताई, प्रबंधात एक चूक निघालीये."

"निघू दे. शुद्धलेखन कोण बघतं?"

"तसली नाही. सगळाच चुकलाय."

"तुझी चूक?"

"नाही. बाईंची. पंधरा वर्षांपूर्वीची."

"मग तू कशाला मढं उकरतेस? ज्याचं जळतं त्याला कळतं. तू पावती घे आणि सुट तिथून. सहा वर्षं झाली गं. आई विचारते तेव्हा मी काय सांगू, अजून माशांत आहे म्हणून?"

"ते मासे नसतात."

"बघ! हेच ते. हेच तुझं," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बुधवारी चिमटी बांधणीवाल्याकडे गेली आणि प्रबंध हातातच ठेवून परत आली. गुरुवारी सकाळी ती बाईंच्या खोलीत गेली आणि दोन याद्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

बाईंनी चष्मा वर सरकवला. आकडे पाहिले. मग पहिला प्रश्न विचारला तो असा, "माझ्या ताटात हात घातलास?"

"हो, बाई."

"न विचारता?"

"रकाना रिकामा होता."

"रकाना!" बाई उभ्या राहिल्या. "तू जन्मली नव्हतीस—"

"बाई, पंधरा वर्षांपूर्वी मी शाळेत होते."

"तेच ते. तेव्हापासून मी ताटं भरतेय. शेकड्याने भरली. ताट उलटं ठेवायला मी काय आंधळी आहे? तूच वाचताना फिरवलंस. चल, दाखवते."

त्या तरातरा प्रयोगशाळेत आल्या. कोरं ताट काढलं. थेंब सोडायची मोजनळी घेतली, डाव्या हातात. बाई डावखुऱ्या होत्या, हे चिमटी सहा वर्षं रोज बघत आली होती. रोजचं म्हणून कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

"कापलेला कोपरा असा पलीकडे, डाव्या बाजूला. इथून पहिला," बाई म्हणाल्या. आणि बोलता बोलता, मनगट नळ्यांच्या स्टँडला अडू नये म्हणून, त्यांच्या उजव्या हाताने ताट गर्रकन अर्धं फिरवलं. कापलेला कोपरा त्यांच्या पोटाशी आला. त्यांनी पहिला थेंब पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात सोडला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांचा हात थांबला.



बाईंनी मोजनळी हळूच खाली ठेवली. "कुणाला सांगितलंस?"

"ताईला. तिला काही कळलं नाही."

"ठीक." त्या आता शांतपणे बोलत होत्या. "ऐक. तू उद्या प्रबंध दे आणि जा. मी निवृत्त झाले की निवांतपणे एक दुरुस्तीपत्र लिहीन. तुझ्या नावाला धक्का नाही, माझ्याही नाही. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही."

"आणि ती समिती? ते तर आत्ताच नियम ठरवतायत—"

"चिमटे, तुला इथून बाहेर पडायचंय की नाही?"

तिला पडायचं होतं. म्हणूनच शुक्रवारी सव्वाबाराला ती बांधलेला प्रबंध घेऊन कार्यालयाच्या खिडकीसमोर उभी होती. कारकुनाने प्रबंध वजन केल्यासारखा हातात तोलला आणि एक छापील कागद पुढे सरकवला. 'यातील सर्व निष्कर्ष माझ्या माहितीप्रमाणे खरे आहेत.' खाली सहीची रेघ.

चिमटीने पेन टेकवलं. शाईचा ठिपका पडला, त्यापुढे हात जाईना.

"मॅडम, सही करताय की चित्र काढताय? एकला खिडकी बंद होते."

"माझ्या माहितीप्रमाणे हे खरं नाही," चिमटी म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "मुदतवाढीचा अर्ज द्या."

कारकुनाने तोंड वाकडं करत अर्ज काढला. 'कारण' या शब्दापुढे तिने लिहिलं, 'नमुन्यांचा ट्रे उलटा ठेवला गेला होता.'

त्याने ते वाचलं. "हे नाही चालणार. कारणं तीनच आहेत. आजारपण, लग्न, घरातला मृत्यू. तुमचं यातलं कुठलं?"

"कुठलंच नाही."

"लग्न टाका. तारीख मागाहून मोडली म्हणता येते. बरेच जण टाकतात."

"चौथं काही नाही?"

"'इतर' आहे. त्याला विभागप्रमुखांची सही लागते." त्याने घड्याळाकडे बोट केलं. बारा पंचवीस.

ती जिने उतरून तळघरात आली. बाई कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"जा. विचार करते."

चिमटी गेली नाही. समोरच्या स्टुलावर बसली. बाई एकेक पुस्तक खोक्यात घालत राहिल्या. पावणेएकला त्या म्हणाल्या, "माझ्या निवृत्तीच्या सभेत लोक याच शोधाबद्दल बोलणार आहेत. भाषणं लिहूनही झालीत."

"माहीत आहे, बाई."

"तू फार त्रासदायक मुलगी आहेस."

"हो."

एकला सात मिनिटं असताना बाईंनी अर्ज सुलटा केला. चिमटीचं वाक्य पुन्हा वाचलं. त्याखाली डाव्या हाताने, शाई पुसू नये म्हणून मनगट उचलून धरत, एक ओळ लिहिली: 'ट्रे मी भरला होता.' मग सही आणि तारीख.

"पळ," त्या म्हणाल्या. चिमटीकडे त्यांनी पाहिलं नाही.

कारकून खिडकीची झडप ओढत होता. चिमटीने कागद फटीतून आत सारला. तो वाचून त्याने शीळ घातली. "यावर चौकशी बसेल हं. बाईंवरही, तुमच्यावरही." मग त्याने शिक्का मारला. "एक वर्ष. उद्यापासून मोजायचं. आणि हो, वाढीव काळात भत्ता नसतो."

त्याने झडप लावून घेतली.

जिन्याच्या वळणावर थांबून चिमटीने संग्रहालयाला फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता. हरकत नाही म्हणाला, यादीत पुढचे उमेदवार आहेत म्हणाला, शुभेच्छाही दिल्या. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नाही. मग तिने ताईचा क्रमांक काढला, आणि तिला काय सांगायचं हे सुचेपर्यंत तशीच पायरीवर बसली.