ॲट्रॅक्टाच्या गाडीतला संत

माझ्या मैत्रिणीच्या, ॲट्रॅक्टाच्या गाडीत संत ख्रिस्तोफरच्या डोक्यामागे उजेड पडतो, हे मी घरी सांगितलं तेव्हा कुणी ताटातून मान वर केली नाही. त्यांची तरी काय चूक? आदल्याच आठवड्यात मी सांगितलं होतं, की आमच्या तळ्यातला पाईक मासा इतका म्हातारा झालाय, की रविवारी काठाशी येऊन चर्चची घंटा ऐकतो.

"आई, लोणी दे इकडे," माझा मुलगा फिनबार म्हणाला.

"आणि मासा काय म्हणतो गाडीबद्दल?" ही माझी नात डर्व्ला. जीभ माझ्यावर गेलीय तिची.

"मासा म्हणतो, घाई करू नका."

गाडी डर्व्लालाच घ्यायची होती. गॉलवेच्या इस्पितळात तिला नोकरी लागली होती, लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे सैल करायची. आमच्या क्लूनबेग गावातून गॉलवे शहराला बस जाते गुरुवारी, आणि परत येते तिच्या मर्जीने. गाडी नसेल तर पोरीने तिथे खोली घ्यायची, म्हणजे अर्धा पगार घरमालकाच्या खिशात. आणि गाडी घेतली अन् ती दगाबाज निघाली, तर पुन्हा खोलीच. मग माझ्या गोष्टी ऐकायला घरात उरणार कोण? फिनबार एका कानाने ऐकतो, आणि तो कान ट्रॅक्टरकडे असतो.

"एवढं लांब रोज जायचं तर डिझेलच," फिनबारने जाहीर केलं. "पेट्रोलची गाडी ढोसते, डिझेलची चाखते."

डिझेलच्या दोन गाड्या गावात विकायला होत्या. एक ॲट्रॅक्टाची. ॲट्रॅक्टाने जन्मभर पोस्टात तिकिटं चिकटवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर ही चंदेरी गाडी घेतली. सात वर्षांत ती गाडी टेकडीखालच्या चर्चला गेली आणि चर्चशेजारच्या दुकानात गेली. बस्स. रात्री तिच्यावर गोधडी घालायची ही बाई. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं.

दुसरी मॅलकीची. मॅलकी मेंढ्यांची औषधं विकायचा, डोनेगलपासून केरीपर्यंत, म्हणजे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाडी तीन लाख किलोमीटरच्या वर फिरलेली. पुढच्या सीटला मॅलकीच्या बुडाचा साचा पडलेला, आणि आत असा वास, की माशी शिरली तर तिचे जंत पडावेत. मॅलकीचे गुडघे गेले म्हणून तो धंदा सोडत होता. किंमत ॲट्रॅक्टाच्या गाडीच्या निम्मीसुद्धा नाही.

"एक नवी नवरी, आणि एक सात पोरांची आजी," फिनबार म्हणाला. "यात विचार काय करायचा?"

सगळं गाव हेच म्हणत होतं. मला मात्र तो उजेड सुखाने झोपू देईना.

झालं होतं असं, की रविवारी ॲट्रॅक्टाने मला चर्चला नेलं. काटे फिरतात ना, त्या काचेवर तिने संत ख्रिस्तोफरचं चित्र चिकटवलंय, प्रवाशांचा राखणदार म्हणून. तिने किल्ली फिरवली, गाडी घुरघुरली, आणि संताच्या डोक्यामागे पिवळंधम्मक तेज!

"ॲट्रॅक्टा, अगं हे काय?"

"श्श! वर्ष झालं असेल. कुणाला बोलू नकोस गं ओनी, लोक मेणबत्त्या घेऊन येतील माझ्या गॅरेजात."

"आधी काय होतं त्या जागी?"

"कसला तरी दिवा लागायला लागला होता मेला, डोळ्यात यायचा. म्हणून संताला बसवलं. तेव्हापासून तो स्वतःच उजळतोय."

बाई खोटं बोलत नव्हती. ॲट्रॅक्टाला खोटं बोलता येत असतं तर तिची माझी मैत्री टिकलीच नसती, एका गावात आम्ही दोघी मावलो नसतो. पण पिवळा दिवा उगीच कोण लावेल? दिवा म्हणजे कुणीतरी काहीतरी सांगतंय. काय सांगतंय?

फिनबार गाडी बघून आला होता. पण फिनबार गाडी कानाने बघतो. बॉनेटवर कान ठेवून, डोळे मिटून उभा राहिला, दोन टायरना लाथ घातली, आणि म्हणाला, "मांजरासारखी बोलते." सोबत गेलेल्या डर्व्लाच्या तोंडावर ऊन येत होतं, तिलाही संत नुसता कागदाचा दिसला.

शनिवारी ॲट्रॅक्टा गाडी घेऊन आमच्या अंगणात आली. किंमत जवळजवळ ठरली. आमच्याकडे सौदा कागदावर होत नाही, हातावर होतो. फिनबारने तळहातावर थुंकी टाकली, हात उगारला. टाळी वाजली की संपलं, मग देवाचा बापही सौदा मोडू शकत नाही.

मी त्याचं मनगट धरलं.

"आई!"

"आधी एकदा गॉलवेच्या हमरस्त्यावर नेऊन आणा."

ॲट्रॅक्टा कळवळली. "ओनी, तिला सवय नाही गं. तिसऱ्या गिअरच्या वर आम्ही दोघी कधी गेलोच नाही."

"पोरगी रोज तेच करणार आहे ना?" मी म्हटलं. मग जरा आवाज खाली आणला. "आणि त्या रस्त्यावर एक विहीर आहे, संत कोल्मनची. पाणी गुडघ्यांवर असं चालतं! माझ्या मावसबहिणीने एक घोट घेतला, आणि परतताना ती बसच्या पुढे धावत घरी आली."

ॲट्रॅक्टाने स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि गाडीत बसली. डर्व्ला चालवायला, ॲट्रॅक्टा शेजारी जपमाळ घेऊन, मागे प्लॅस्टिकवर मी आणि फिनबार. प्रत्येक वळणावर मी घसरून त्याच्या मांडीवर, नाहीतर तो माझ्या.

हमरस्त्याला लागलो. डर्व्लाने पाय दाबला. गाडीने एक उसासा टाकला, अगदी प्रवचन लांबल्यावर ॲट्रॅक्टा टाकते तसा, आणि ती साठाच्या पुढे जाईना.

"दाब की!" फिनबार म्हणाला.

"बाबा, पाय जमिनीला टेकलाय माझा!"

मागून ट्रकवाला भोंगा वाजवत गेला. त्याने हाताने जे केलं ते चर्चमध्ये करत नाहीत. तेवढ्यात संताच्या उजवीकडे एक दिवा लागला. मग डावीकडे दुसरा.

"बघा, बघा!" ॲट्रॅक्टा हात जोडून ओरडली. "आणखी संत येताहेत!"

डर्व्लाने गाडी कडेला घेतली. नखाने चित्राचा कोपरा सोडवला, हळूच, कारण ॲट्रॅक्टा बघत होती. खाली तेज-बिज काही नव्हतं. एका चिमुकल्या पेटीचं चित्र, आत ठिपके, आणि मागे पिवळा दिवा.

फिनबारचे कान लाल झाले. "काजळीची जाळी," तो पुटपुटला.

"मोठ्याने बोल, पुढच्या सीटवर ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"धुराच्या नळीत जाळी असते, आई. डिझेलची काजळी तिथे अडकते. गाडी लांब आणि जोरात पळाली की नळी तापते, काजळी जळून जाते. टेकडी उतरून चर्च, चर्चवरून घर... कधी तापलीच नाही ती. तुंबलीय."

म्हणजे माझी चूलच की! आमच्या चुलीत पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, नुसतं धुमसत ठेवलं, जपून जपून जाळलं, की धुराडं काजळीने भरतं. मग अधूनमधून चांगला भडका करावा लागतो. सात वर्षं ॲट्रॅक्टाने त्या गाडीला धुमसत ठेवलं होतं.

"मग मी वर्षभर बिघाडाला नमस्कार करत होते?" ॲट्रॅक्टाचा आवाज बारीक झाला.

"नमस्कार कुठे वाया जातो गं," मी म्हटलं. "फक्त जाळी साफ होत नाही त्याने."

"नवी जाळी कितीला?" डर्व्लाने विचारलं. फिनबारने आकडा सांगितला. डर्व्ला खिडकीबाहेर बघत बसली. पोरीच्या डोक्यात गॉलवेची खोली भाड्याने लागली, मला स्पष्ट दिसलं.

परतताना आम्ही इतके हळू आलो, की मेंढ्या ओव्हरटेक करत होत्या. एकीने तर आधी डावी-उजवी बघून घेतली.

घराजवळ आल्यावर डर्व्ला एकदम म्हणाली, "आज्जी, मॅलकी रोज किती लांब जायचा गं?"

"डोनेगलला सकाळचा चहा, केरीला दुपारचा."

"म्हणजे त्याचं धुराडं..."

"चल, बघूनच येऊ."

मॅलकीच्या अंगणात मी गुडघ्यावर बसले, नळीत माझा इस्टरचा पांढरा रुमाल घातला आणि गोल फिरवला. रुमाल आला तसाच पांढरा. मॅलकीचं नाक एवढं स्वच्छ असेल असं मला वाटत नाही.

"काय शोधताय तिथे, काकू?" मॅलकी म्हणाला. "हरवलेली कवळी?"

"तुझा खरेपणा. बोल, हिला काय काय झालंय आजवर?"

मॅलकी गाडीच्या टपावर हात ठेवून सांगायला लागला, जशी कुणी बायकोची बाळंतपणं सांगावीत. इंजिनातला मोठा पट्टा गेल्या उन्हाळ्यात बदलला, सोबत पाण्याचा पंप. क्लच दुसरा. तेल वेळच्या वेळी, कारण आड रस्त्यावर बंद पडली तर मेंढ्याच सोबतीला. पुढचे दोन टायर टकले झालेत. आणि डावीकडची काच खाली जाते, पण वर येताना तिला हाताने आणावी लागते, "सासूला पायऱ्या चढवतो तशी."

डर्व्ला किल्ली घेऊन एकटी हमरस्त्यावर गेली. आली तेव्हा केस विस्कटलेले, गाल लाल. "वास भयंकर आहे," ती म्हणाली, "पण पळते! चढावरसुद्धा कुरकुरत नाही."

"तीन लाख फिरलीय, पोरी," फिनबार अजून चाचरत होता. "उद्या काही झालं तर?"

"होईलच की काहीतरी, बाबा. पण हिचे मोठे आजार होऊन गेलेत, आणि उरलेले मॅलकीने तोंडाने सांगितलेत. टायर मी उद्याच घालते. जे पैसे वाचतात ते तिच्याच दुखण्यासाठी बाजूला ठेवते. आणि रस्ता तिला मी तिच्या सवयीचाच देणार आहे." मग ती माझ्याकडे वळली. "ॲट्रॅक्टाची गाडी लाडावलेली आहे. मला कामाची हवी."

मग किमतीवर दोघं अडून बसले. मॅलकी वळून निघून गेल्याचं नाटक करून आला, डर्व्लाने पण केलं. शेवटी मीच दोघांचे हात धरले आणि टाळी वाजवली. मॅलकीने रिवाजाप्रमाणे नशिबाचा पैसा म्हणून एक नोट डर्व्लाच्या हातात परत ठेवली. त्या नोटेलाही मेंढ्यांच्या औषधाचा वास होता.

आता हिवाळा सरत आला. रोज सकाळी ती गाडी पहिल्या किल्लीला उठते आणि सगळ्या गल्लीला उठवते. काच अजून हातानेच वर येते. इस्पितळातल्या लोकांना वाटतं, डर्व्ला मेंढ्या पाळते.

ॲट्रॅक्टाची जाळी गॅरेजवाल्याने तापवून जाळून साफ केली, नवी घालावी लागली नाही. पण त्याने बजावलं, की दर आठवड्याला गाडी लांब पळवा, नाहीतर विकून टाका. ॲट्रॅक्टाने विकायचं रद्द केलं. का, तर तिला गुडघ्यांची विहीर बघायची होती. मग काय करता? दर गुरुवारी आम्ही दोघी हमरस्त्याने संत कोल्मनची विहीर शोधायला जातो. ॲट्रॅक्टा पाचव्या गिअरला चालवते आता, आणि ट्रकवाल्यांना हाताने उत्तरही देते. कधी समुद्रापर्यंत जातो, चहा पितो, केक खातो. संत ख्रिस्तोफर तिथेच चिकटलाय, पण उजळत नाही. तिला जरा वाईट वाटतं त्याचं.

संध्याकाळी डर्व्ला येते, बूट काढते, चुलीपाशी पाय पसरते.

"मग आज्जी, सापडली का विहीर?"

"थोडक्यात हुकली गं. तुझ्या त्या पाईक माशाने रस्ता चुकीचा सांगितला."

"तो इतक्या लांब कसा आला?"

"खुर्ची इकडे ओढ," मी म्हणते, "सांगते."