काठाचा जोडधागा

मित्रांनो, मी कापडाचे धागे मोजायचे एक जुने पितळी भिंग आहे. मिटले की काडेपेटीएवढे होते, उघडले की इंचभर चौकटीवर उभे राहते.

तीस वर्षे मी विणकाम मास्तरांच्या खिशात राहिले. मास्तरांना धागे मनात मोजता येत नसत. "बावन्न, त्रेपन्न..." असे ते खणखणीत आवाजात म्हणत आणि शेवटी काठ तपासत. गिरणीच्या प्रत्येक मागावर त्यांनी काठाला दोन धागे जोडीने बसवले होते. लेक चिडवी, "बाबा, माझ्या वेणीचे केसही मोजा की!"

मग बाजारात परदेशी कापडाचा पूर आला. निम्मे माग थांबले. दरवर्षी किती कापड आत येऊ द्यायचे, हे ठरवायला सरकार परदेशी शिष्टमंडळाशी बोलणी करू लागले. गिरणीचे मालक मास्तरांना जाणकार म्हणून तिथे घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी परदेशी प्रमुखांनी दुभाष्यामार्फत एकच अट घातली, "जे कापड तुम्ही स्वतः विणता, तेवढ्यावरच मर्यादा मान्य."

मालकांनी एक तलम तुकडा पुढे सरकवला. "हे आमच्या नव्या गिरणीतले. तिथले मागही मास्तरांच्याच पद्धतीने लावलेत. मास्तर, सांगा त्यांना."

मास्तरांनी मला तुकड्यावर ठेवले. "अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर." मग मला काठाकडे सरकवले. तिथे जोडधागा नव्हता.

"अरे, हे आपले नाही," मास्तर म्हणाले. सवयीने, मोठ्याने.

दुभाष्या कामाला चोख. त्याने लगेच भाषांतर केले.

परदेशी प्रमुखांनी तुकडा उलटून पाहिला. "आमचेच आहे," ते म्हणाले. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब मास्तरांना घेऊन नव्या गिरणीत गेले. आत एकही माग नव्हता. छतापर्यंत परदेशी गठ्ठे रचलेले होते आणि दाराशी 'देशी' असा शिक्का मारायचे एक टेबल होते. मास्तर गठ्ठ्यावर मटकन बसले. "मी सगळ्यांना सांगत होतो हो, आपली नवी गिरणी चाललीय म्हणून," एवढेच ते बोलले.

बोलणी मोडली आणि परदेशी कापड बिनमर्यादा येत राहिले. जुन्या गिरणीलाही टाळे लागले. फाटकाशी एक विणकरीण म्हणाली, "मास्तर, एक दिवस मनात मोजले असते तर काय बिघडले असते?"

मास्तरांनी घरी येऊन मला खणात टाकले. त्यानंतर ते औषधाचे थेंबसुद्धा मनातच मोजत.

मागच्या आठवड्यात मास्तर गेले. त्यांच्या पलंगावरची चादर घडी करताना लेक थांबली. तिने खण उघडला, माझी धुरकट काच पदराने पुसली आणि मला चादरीच्या काठावर ठेवले. दोन धागे जोडीने उभे होते.

"एक," ती पुटपुटली. "दोन." मग तिने पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने मोजायला घेतले.

मित्रांनो, जुनी भिंगे मऊ फडक्याने पुसून ठेवा. आणि दिसले ते बोलून गेलेल्या माणसाला खणात ढकलू नका.