फक्त शांत माणसांसाठी

घर भाड्याने गेलं. चांगल्या माणसांना गेलं आणि सगळे सुखी झाले.

मित्रांनो, वरची ओळ तुम्ही वाचलेली नाही. घर रिकामंच आहे, मी गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेला आहे आणि लाजेने माझा रंग उडतो आहे, इथून सुरुवात करू.

मी पत्र्याचा एक जुना फलक. माझं बालपण चांगल्या ठिकाणी गेलं, म्हणजे चष्म्याच्या दुकानात. डोळे तपासायचा तक्ता होतो मी. वर एक भलंमोठं 'ग', त्याखाली जरा लहान अक्षरं, त्याखाली आणखी लहान, आणि तळाशी मुंग्यांची रांग. लोक समोर स्टुलावर बसत, एक डोळा झाकत आणि मला आदराने वाचत. वाचता आलं नाही तर तेच लाजत. लाज हा प्रकार तेव्हा मी फक्त समोरून पाहिला होता.

पुढे दुकानात दिव्याची पेटी आली. तिच्यातली अक्षरं आपोआप बदलतात. माझी रवानगी कपाटामागे झाली, तोंड भिंतीकडे.

त्याच सुमारास चष्मेवाल्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, गुंतवणूक म्हणून एक घर घ्यायचं ठरवलं. त्यांची बायको इस्पितळात नर्स आहे आणि लग्नाआधीपासून रात्रपाळी करते. भाडं सुरू झालं की रात्रपाळी बंद, असं ठरलं होतं. सल्लागार होता तिचा भाऊ.

"भाऊजी, घर ही अशी चीज आहे, की तुम्ही झोपलात तरी ती कमावते."

"आणि मी कधी झोपायचं?" नर्सबाईंनी विचारलं.

"भाडं सुरू झालं की," दोघेही एकदम म्हणाले.

मित्रांनो, तुमच्यापैकी जे लवकरच पहिलं घर विकत घेणार आहेत, किंवा जे अजून चौथीत आहेत, त्यांनी इथे लक्ष द्यावं. घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मालकांनी ते नुसतंच पाहिलं. माणूस डोळ्यांच्या धंद्यातला. भिंती सरळ आहेत, उजेड भरपूर आहे, लांबच्या झाडाचं पान न् पान दिसतं, हे सगळं त्यांनी तपासलं. नळ सोडला, तोही पाणी कसं दिसतं ते बघायला. कान मात्र वापरलेच नाहीत. शिवाय दर खेपेला ते सुट्टीच्या दिवशी गेले, कारण त्या दिवशी दुकान बंद. समोरचा पत्र्याचा कारखानाही त्याच दिवशी बंद असतो, हे त्यांना खरेदीनंतरच्या सोमवारी कळलं. तिथे पिंपं आणि बादल्या घडतात. हातोड्याने घडतात.

तेव्हा घर कामाच्या दिवशी पाहा. सकाळी पाहा, संध्याकाळी पाहा, आणि थोडा वेळ डोळे मिटून पाहा. भाडं किती घ्यायचं हे आसपासच्या चार घरी विचारा. मालकांनी मेहुण्याला विचारलं. मेहुण्याने डोळे मिटले आणि त्याला जो आकडा दिसला तो सांगितला.

मग फलक हवा होता. मला कपाटामागून काढून उलटं केलं आणि मालकांनी माझ्या पाठीवर स्वतः रंगकाम केलं. हाताला सवय एकच! वर भलंमोठं 'घर'. त्याखाली जरा लहान, 'भाड्याने देणे आहे'. त्याखाली आणखी लहान, 'फक्त शांत माणसांसाठी'. आणि तळाशी, मुंग्यांच्या रांगेत, फोन नंबर.

"अहो, नंबर दिसत नाही," नर्सबाई म्हणाल्या.

"दिसतो. ज्याला दिसत नाही त्याने डोळे तपासून घ्यावेत."

लोकांनी खरंच घेतले. रस्त्यात थांबून ते डोळे बारीक करत, उदास होत आणि सरळ चष्म्याच्या दुकानात जात. घरासाठी लावलेला आणि चष्मे खपवणारा फलक जगात मी एकटाच असेन. नवे चष्मे लावून काही जण परत आले, त्यांनी नंबर वाचला, घर पाहायला आले आणि कानांवर हात ठेवून गेले.

"एवढ्या आवाजात शांत माणसं कशाला हवीत?" एकाने जाता जाता विचारलंच.

"म्हणून तर! आणखी आवाज कशाला?" मालक म्हणाले.

घर रिकामं राहिलं तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. रिकाम्या महिन्यांसाठी आधीच काही बाजूला ठेवायचं असतं, मित्रांनो. ते ठेवलेलं नव्हतं, म्हणून नर्सबाईंनी जास्तीच्या रात्री मागून घेतल्या. ज्या घराने रात्रपाळी बंद व्हायची, त्याच घराने ती वाढवली. सकाळी कामावरून सुटल्या की त्या घर उघडून हवा खेळवायला येत आणि फरशीवर चादर टाकून तिथेच आडव्या होत. हातोड्यांची त्यांना सवय झाली होती. सवय होत नव्हती ती माझी. माझी तार सैल झाली होती आणि मी वाऱ्यावर खडखडत होतो. शांत माणसं मागणारा फलकच गल्लीत सगळ्यांत जास्त कटकट करत होता. मी शरमेने थरथरायचो, त्याने खडखडाट आणखी वाढायचा.

एका सकाळी त्या गॅलरीत येऊन ओरडल्या, "ओ दादा! जरा वर येऊन हा पत्रा ठोकून द्या हो!"

"आलो ताई!" समोरचा पत्रेवाला म्हणाला. हे उत्तर पुढच्या चौकातही पोचलं असावं.

त्याने तार आवळली. "मिळालं का कुणी शांत?"

"कुठलं काय. तुम्ही राहता कुठे?"

"गावाच्या त्या टोकाला. जाण्यायेण्यातच अर्धा जन्म गेला. इकडे घर शोधतोय कधीचा."

"कधीचे शोधताय? आणि समोरचं दिसलं नाही?"

"दिसतं की. रोज दिसतं." त्याने हातोडीने माझ्या तिसऱ्या ओळीवर हळूच टकटक केलं. "आमच्या दारातून इथवर वाचता येतं. पुढचं मग वाचलंच नाही. आम्ही कसले शांत, ताई! माझा आवाज हा असा. बायको कारखान्यात माझ्याच शेजारी ठोकत असते, तिचा माझ्या वर. आणि सासूबाईंना ऐकू येत नाही, म्हणून घरात सगळंच दोनदा."

नर्सबाई हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला आजवर पुष्कळांनी वाचलं, पण असं कुणी वाचलं नव्हतं. तेव्हाच्या तेव्हा गंजून गळून पडावं, असं वाटलं मला.

त्यांनी पत्रेवाल्याला भाड्याचा आकडा सांगितला आणि तिथूनच मालकांना फोन लावला. "अहो, भाडेकरू मिळाला. समोरचे पत्रेवाले."

"अगं, पण आवाज तर तेच करतात!"

"म्हणूनच. आवाज करायला दोघं दिवसभर समोर असणार. घरात राहिल्या सासूबाई. त्यांना ऐकू येत नाही."

"पण फलकावर आपण स्पष्ट..."

"काखेत कळसा होता आणि आपण त्याला वाचून दाखवत होतो, तू नको म्हणून. आणि भाडं खाली आणा. तुमचा आकडा ऐकून बिचाऱ्याचा आवाज बसलाय."

खरंच बसला होता. त्या दिवशी गल्लीने सुट्टी नसताना पहिल्यांदा शांतता ऐकली.

भाडं आसपासच्या घरांइतकं झालं. रीतसर करारही झाला. माणूस समोरचा असला तरी तो करावाच. नर्सबाई आता दिवसपाळीला जातात. पहिल्या रात्री म्हणे त्यांना शांततेत झोपच लागेना.

पत्रेवाल्याने मला सोडवून गोल कापलं आणि गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं. तक्ता वर आला. 'ग'वर सासूबाई तांब्या ठेवतात. माझी पाठ मात्र खाली, पाण्याकडे, आणि पिंप भरलेलं असलं की ती तिसरी ओळ मला पाण्यात उलटी दिसते. उलटी असली तरी वाचता येते. माझे डोळे पहिल्यापासून चांगले आहेत.

सबब विनंती, की प्रस्तुत झाकणाच्या खालच्या बाजूवरील तिसरी ओळ पूर्वलक्षी प्रभावाने रद्द समजण्यात यावी. ती वाचून ज्यांनी चौथी ओळ वाचली नाही, अशा सर्वांची घरोघरी जाऊन माफी मागण्यात यावी. आणि सदर कार्यवाही पूर्ण होईपर्यंत पिंप उघडे राहू नये म्हणून अर्जदाराच्या जागी बदली झाकण देण्यात यावे. बदली झाकण आवाज करणारे असल्यास अर्जदाराची हरकत नाही.