तीन की सात

कौसरला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. अनसिंगजवळच्या डाळ मिलमध्ये रुपाबाई डाळ निवडायची. तिच्या कामाला कौसरनं कागदावर तीन गुण दिले होते आणि सोबतच्या नितानं सात. दोघी वाशीमहून येणाऱ्या, फिजिओथेरपी शिकणाऱ्या. मान किती वाकते, पाठ किती वळते, हात किती वर जातो हे बघून गुण द्यायचे. गुण जितके जास्त, तितकी दुखापतीची भीती जास्त. मालक दौलतराव उंच टेबल-खुर्ची देणार होते, पण सहाच्या वर गुण आले तरच. आणि रुपाबाईची मान अशी धरली होती की तिला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती.

“डोळे मिटून बसली होतीस का गं?” निता म्हणाली.

“आणि तू काय दुर्बीण लावली होतीस?”

बोलून गेली खरी, पण आतली चुळबुळ थांबेना. चुकलं कोण? निता, कागद, की आपणच?

गुण जुळले नाहीत तर दोघींनी एकत्र बघायचं, असा नियम. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी पुन्हा गेल्या. रुपाबाईचे सासरे बाबूसिंग मिलचा वजनकाटा सांभाळत. पोरी दिसताच ते नेहमीसारखे उठले. “बसा पोरींनो. तुमच्यात मायं काय काम? मी चहा पिऊन येतो.” किती अदबीचा माणूस, कौसरला वाटलं.

रुपाबाई सूप मांडीवर घेऊन ताठ बसली होती. दोन्ही हात भराभर चालत होते. अर्ध्या तासानं दोघींच्या कागदावर एकच आकडा होता, तीन. निताचं तोंड एवढंसं झालं. कौसर जिंकली होती, पण कसला आनंद! टेबल हातचं गेलं.

फाटकापाशी आल्यावर तिला आठवलं, पाण्याची बाटली आतच राहिली. मागचं दार जवळ होतं, दोघी तिथून शिरल्या आणि पोत्यांच्या थप्पीआड कौसर थबकलीच.

बाबूसिंग काट्यापाशी परतले होते. रुपाबाईनं पदर नाकापर्यंत ओढला होता, डाव्या हातानं तो घट्ट धरला होता, तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मान वाकडी, कंबर वळलेली, निवडणं एकाच हातानं. कौसरनं मनात गुण मोजले. सात.

“काल तू गेल्यावर मी इथूनच पाहिलं होतं,” निता कुजबुजली.

कौसर रुपाबाईजवळ जाऊन बसली. “दिवसभर असंच?”

“मंग? सासरे समोर हायत ना,” रुपाबाई हळूच म्हणाली. “तुमी आल्या का ते बाहीर जातात. तेवढाच वेळ माही मान मोकळी राह्यते.”

कौसरला स्वतःची लाज वाटली. आपल्याला मान द्यायला म्हातारा उठून जात होता, आणि आपण शहाण्या तेवढाच अर्धा तास मोजत होतो!

“काय म्हणते सून?” काट्यापासून बाबूसिंगनं विचारलं.

कौसर उठून काट्यापाशी गेली. “काका, तुमी समोर असले का त्यायले पदर धरून, वाकडं बसून काम करा लागते. त्यानंच मान दुखून राह्यली.”

“मी तं तिच्याकडं पाह्यतबी नाही!” म्हातारा उसळला. मग त्याचा आवाज खाली आला. “मले सांगितलं काहून नाही?”

“तुमच्याशी बोलतात का त्या?”

बाबूसिंग उठले, स्टूल ओढत फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. रुपाबाईचा हात कितीतरी वेळ पदरावरच होता. मग तो हळूहळू उतरला आणि सुपाला लागला.

कौसरनं तीन खोडून सात केले, नितानंही केले, आणि का, तेही दोघींनी खाली लिहिलं. आता टेबल चुकत नव्हतं.

तेवढ्यात हमालानं काट्यावर पोतं टाकलं. बाबूसिंगनं अख्खी मान मागं वळवून, डोळे बारीक करून वजन वाचलं, पण सुनेकडे नजर जाऊ दिली नाही. दुसरं पोतं आलं. पुन्हा मान मागं. तिसऱ्याला त्यांनी मानेवर हात दाबून धरला.

कौसरनं पिशवीतून कोरा कागद काढला आणि वर नाव लिहिलं, बाबूसिंग.